लॉकरमागची झुरळे आणि कल्चर रिपोर्टमधला ‘आर’ : यांचा एकमेकांशी संबंध किती?

तापीकाठ, चोपडा तालुका

नमस्कार. माझे वडील ६८ वर्षांचे असून त्यांना बरीच वर्षे मधुमेह आहे. एप्रिलच्या शेवटी शेताच्या बांधावरून पडून त्यांच्या मांडीचे हाड मोडले आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका रुग्णालयात शस्त्रक्रिया करून त्यांना रॉड बसवण्यात आला. आठव्या दिवशी टाक्यांतून पू येऊ लागला, तो कल्चरला, म्हणजे त्यातला जंतू वाढवून ओळखायच्या तपासणीला, पाठवला, आणि तीन दिवसांनी आलेल्या रिपोर्टमध्ये क्लेबसिएला न्यूमोनिई या जिवाणूचे नाव होते. त्याखाली औषधांची लांबलचक यादी होती आणि तिच्यात वरपासून खालपर्यंत जवळपास प्रत्येक औषधापुढे ‘आर’ लिहिलेले होते. अगदी तळाच्या दोन औषधांपुढे तेवढा ‘एस’ होता. ‘आर’ म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही आणि ‘एस’ म्हणजे देतो, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले.

मी रात्री वडिलांच्या पलंगाशेजारी चटई टाकून झोपतो. एका रात्री दोनच्या सुमारास त्यांना पाणी द्यायला उठलो आणि मोबाइलचा उजेड लॉकरवर पडला, तेव्हा लॉकरच्या मागच्या पत्र्यावर दहा-बारा बारीक तपकिरी झुरळे होती आणि एक तर पाणी पाजायच्या फीडिंग कपाच्या तोटीवर बसलेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रेसिंगची चिकटपट्टी एका कडेने सुटलेली दिसली आणि तिथपर्यंत अगदी बारीक पिवळसर मुंग्यांची रांग लागलेली होती. सिस्टरना सांगितले, तर त्यांनीही हताशपणे सांगितले की फवारणी कालच झाली आहे. गंमत म्हणजे फवारणीनंतर आमच्याकडे झुरळे वाढली आणि शेजारच्या वॉर्डातली कमी झाली, असे तिथल्या नातेवाइकांकडून कळले.

माझा प्रश्न असा आहे की वडिलांच्या जखमेत हा जंतू या झुरळांनी किंवा मुंग्यांनी आणला, असे म्हणता येईल का? दुसरे असे की घरी भावाची आठ महिन्यांची मुलगी आहे. मी आठवड्यातून एकदा घरी जातो, तेव्हा माझ्या कपड्यांतून किंवा पिशवीतून हे घरी जाईल का? मला कोणाशी भांडायचे नाही, पण काय खरे आणि काय नुसती भीती, हे समजून घ्यायचे आहे.

सूक्ष्मदर्शी

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो आणि काही वर्षे रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतही काम केले आहे. आपल्या वडिलांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्याला हे उत्तर पर्याय नाही, एवढे धरून चालावे.

कीटकांच्या अंगावर आणि पोटात औषधांना न जुमानणारे जिवाणू सापडतात का, या प्रश्नाचे उत्तर निःसंशय ‘होय’ असे आहे. १९७२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात इंग्लंडमधील रुग्णालयांतल्या फेरो मुंग्यांविषयी लेख आला होता. ही मुंगी जेमतेम दोन मिलिमीटरची आणि पिवळसर असते, आणि तुम्ही केलेले वर्णन तिच्याशी जुळते. तिला ओलावा आणि प्रथिने दोन्ही हवी असतात, त्यामुळे ती ड्रेसिंगमध्ये, सलाईनच्या नळीच्या जोडापाशी, एवढेच काय, निर्जंतुक म्हणून बांधून ठेवलेल्या पाकिटांतही शिरते. त्या मुंग्यांवर स्यूडोमोनाससारखे रोगकारक जिवाणू मिळाले होते. १९९१ मध्ये दिल्लीतील संशोधकांनी रुग्णालयातली झुरळे ही औषधप्रतिरोधक क्लेबसिएलाची वाहक असू शकतात, असे मांडले. २०१९ मध्ये इंग्लंडमधील सात रुग्णालयांत जवळपास २० हजार कीटक गोळा करून केलेले काम प्रसिद्ध झाले. त्यांत माश्या तर होत्याच, शिवाय मावा, पतंग आणि मधमाश्याही होत्या. त्यांच्यावर जिवाणूंचे ८६ वाण मिळाले आणि त्यांपैकी ५३ टक्के वाण प्रतिजैविकांच्या किमान एका गटाला दाद देत नव्हते.

मात्र कीटकावर जिवाणू सापडणे आणि त्या कीटकाने तो रुग्णाच्या जखमेत पोहोचवणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झुरळ ज्या वॉर्डात राहते त्याच वॉर्डाचे जिवाणू त्याच्या अंगावर असणार, जसे माझ्या चपलेवर माझ्याच गल्लीची धूळ असते. आधी कोण, रुग्ण की झुरळ, हे केवळ नमुना घेऊन कळत नाही. त्यासाठी झुरळावरचा आणि रुग्णाच्या शरीरातला जिवाणू एकाच वंशाचा आहे हे जनुकीय ठशांवरून दाखवावे लागते आणि घटनांचा क्रमही जुळावा लागतो. दक्षिण आफ्रिकेतील एका नवजात शिशू विभागात क्लेबसिएलाची साथ आली, तेव्हा तिथल्या झुरळांवर बाळांमधल्यासारखाच वाण मिळाला. हा पुरावा इतरांच्या तुलनेत बराच भक्कम आहे; तरीही २००० मध्ये तो प्रसिद्ध करणाऱ्यांनी शीर्षकात झुरळांची ‘संभाव्य भूमिका’ एवढेच लिहिले. मला हा सावधपणा आवडतो.

आता तुमच्या वडिलांविषयी. क्लेबसिएला माणसाच्या आतड्यात राहणारा जिवाणू आहे. रुग्णालयात काही दिवस राहिलेल्या आणि प्रतिजैविके चालू असलेल्या रुग्णाच्या आतड्यात त्याचे औषधप्रतिरोधक वाण हळूहळू बस्तान बसवतात, आणि तिथून जखमेपर्यंत येण्याची सर्वांत सोपी वाट म्हणजे हात. तो हात सिस्टरचा, डॉक्टरांचा, चादर बदलणाऱ्या मावशींचा, तुमचा किंवा खुद्द वडिलांचाही असू शकतो. इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरांनी १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात हात धुण्याचा आग्रह धरला तेव्हा जिवाणूंची कल्पनाही रुजलेली नव्हती, आणि आज एवढी औषधे आल्यावरही या बाबतीतला पहिला संशयित हातच आहे. मधुमेहामुळे जखम भरायला वेळ लागतो, हे निराळे कारणही त्यात मिळालेले आहे. म्हणून झुरळांनी जंतू आणला असे मी म्हणणार नाही, आणि आणला नाही असेही म्हणू शकणार नाही. सुटलेल्या ड्रेसिंगपर्यंत मुंग्या पोहोचणे मात्र थेट धोक्याचे आहे आणि ते त्याच क्षणी थांबवले पाहिजे. चिकटपट्टी सुटली की स्वतः दाबून बसवू नये, सिस्टरना बोलावून ड्रेसिंग नव्याने करून घ्यावे.

घरच्या बाळाविषयी एवढी भीती बाळगू नये. निरोगी बाळाला हा जिवाणू सहसा आजारी पाडत नाही. रुग्णालयातून निघताना आणि घरी पोहोचल्यावर बाळाला घेण्याआधी साबणाने ४० ते ६० सेकंद हात धुवावेत आणि कपडे बदलावेत. कपडे नेहमीसारखे धुऊन आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात वाळवले म्हणजे पुरे. पिशवी मात्र अंगणात उलटी करून झटकावी, कारण तिच्यातून जिवाणूपेक्षा झुरळच घरी जाण्याची शक्यता जास्त आहे.

गिरणाकाठ

सरांनी सगळे सांगितले, पण जबाबदारी कोणाची हे सांगितले नाही. जिवाणू हाताने आला की झुरळाने, हा वाद प्रयोगशाळेत घालावा. रुग्णाच्या पाण्याच्या कपावर झुरळ बसते, एवढे एकच कारण लेखी तक्रारीला पुरेसे आहे. तारीख आणि वेळ दिसेल असे फोटो काढून ठेवा आणि वैद्यकीय अधीक्षकांच्या नावाने अर्ज देऊन पोच घ्या. केंद्र सरकारच्या ‘कायाकल्प’ योजनेत २०१५ पासून सरकारी रुग्णालयांना स्वच्छतेचे गुण मिळतात आणि त्यात कीटक व प्राणी नियंत्रण हा स्वतंत्र मुद्दा आहे. अर्जात त्याचा उल्लेख केल्यास कागद लवकर हलतो, हा माझा अनुभव आहे.

निवृत्त इन्चार्ज सिस्टर, धुळे

दादा, तक्रार जरूर करा, पण ती ज्या सिस्टरच्या हातात पडणार आहे, तिच्याकडे रात्रपाळीला किती रुग्ण असतात तेही मोजा. मी बत्तीस वर्षे वॉर्डात काढली. झुरळ दिसले की सिस्टरला बोलणी बसतात, पण वॉर्डातले झुरळ तीन वाटांनी येते आणि त्यांपैकी एकही सिस्टरच्या अखत्यारीत नसते.

पहिली वाट मोरीची. जमिनीतल्या सांडपाण्याच्या जाळीखाली वाकड्या नळीत थोडे पाणी कायम साठून राहते. ते पाणी म्हणजेच गटार आणि वॉर्ड यांच्यामधला दरवाजा असतो. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा जी मोरी रोज वापरात नसते तिच्यातले हे पाणी लवकर आटते आणि दरवाजा उघडा पडतो. मग गटारातली मोठी तांबडी झुरळे सरळ वर येतात. बंद पडलेले स्नानगृह, जुने ड्रेसिंग रूम, साहित्य ठेवून अडवलेली मोरी, अशा जागा आधी शोधाव्यात. दर सोमवारी अशा प्रत्येक मोरीत एक बादली पाणी ओतायचे, असा नियम मी माझ्या वॉर्डात केला होता. त्याला पैसा लागत नाही, फक्त आठवण लागते. कूलरचेही तसेच आहे. टाकीखाली सांडलेले पाणी आणि ओले वाळ्याचे ताटवे यांच्या आसऱ्याने झुरळे उन्हाळाभर मजेत राहतात.

दुसरी वाट अन्नाची, आणि इथे मला नातेवाइकांना थोडे बोलावेच लागेल. रुग्ण एक आणि डबे चार, अशी आपल्या खान्देशाची माया आहे. भाकरी उरते, ठेच्याचा कागद लॉकरमध्ये राहतो, केळीची साल पलंगाखालच्या पिशवीत जाते, आणि ‘उद्या सकाळी टाकू’ म्हणून रात्रभर तिथेच असते. झुरळाची जेवणाची वेळ नेमकी तीच. डबा घट्ट झाकणाचा आणा, उरलेले अन्न रात्री आठच्या आत वॉर्डाबाहेरच्या झाकणाच्या डब्यात टाका, लॉकर भिंतीपासून वीतभर पुढे ओढून ठेवा आणि आतला जुना वर्तमानपत्राचा कागद काढून टाका, कारण त्या कागदाच्या घडीत झुरळाची अंडी असतात.

तिसरी वाट कचऱ्याची. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे पू-रक्त लागलेले ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत जाते आणि प्रक्रिया न केलेला असा कचरा ४८ तासांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. पण उन्हाळ्यात ४८ तास म्हणजे माश्यांना भरपूर सवड झाली. पिवळ्या डब्याचे झाकण पायाने उघडणारे असावे आणि ते खरोखर बंद व्हावे. अर्ध्याअधिक ठिकाणी त्याची स्प्रिंग तुटलेली असते आणि झाकण भिंतीला टेकवून ठेवलेले असते.

मुंग्यांविषयी एक जुनी आठवण सांगते. बालविभागात ग्लुकोजचे सलाईन सांडले की मुंग्या येत, म्हणून पाळण्याचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायची पद्धत होती, जशी आपल्या आया फडताळाचे पाय ठेवत. मुंग्या खरेच थांबत. पुढे प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी त्या वाट्यांतल्या साचलेल्या पाण्यातच स्यूडोमोनास काढून दाखवला आणि आम्ही ती पद्धत बंद केली. सांडलेले ग्लुकोज त्याच वेळी ओल्या फडक्याने पुसणे, हाच त्यावर उपाय उरला.

फवारणीवाला, भुसावळ

ताईंनी आमच्या धंद्याचे निम्मे गुपित उघड केले. उरलेले मी सांगतो.

मूळ प्रश्नात ‘बारीक तपकिरी’ असा शब्द आहे, तो महत्त्वाचा आहे. सव्वा-दीड सेंटिमीटरचे, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेले ते जर्मन झुरळ असते. ते गटारातले नाही, ते इमारतीच्या आतले आहे. त्याला ऊब आणि फट लागते, म्हणून ते लॉकरची मागची बाजू, ट्रॉलीचा पोकळ पाइप, पॅन्ट्रीतल्या फ्रिजची मोटर आणि कधी कधी चालू यंत्राचे पोटसुद्धा धरते. मादी अंड्यांची कुपी पिले बाहेर पडण्याच्या बेतापर्यंत अंगावर वागवते आणि एका कुपीत ३० ते ४० अंडी असतात. फवाऱ्याने मादी मेली तरी कुपीतली अंडी वाचू शकतात, त्यामुळे दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा येऊन पाहिल्याशिवाय काम पूर्ण होत नाही.

रुग्णालयांची कंत्राटे बहुतेक अशी असतात की महिन्यातून एकदा माणूस येतो, पाठीवरचा पंप भिंतीच्या कडेने फिरवतो, वहीत सही घेतो आणि जातो. मीही सुरुवातीला तेच करत होतो, कारण दर सर्वांत कमी लावणाऱ्यालाच काम मिळते. या फवाऱ्यातली बरीच औषधे झुरळाला मारण्याआधी हुसकावतात. झुरळे भिंतीतल्या वायरच्या पाइपमधून शेजारच्या वॉर्डात जातात, आणि शेजारच्या वॉर्डातून तुमच्याकडे ती नेमकी अशीच आली असावीत. वॉर्डात त्याऐवजी आमिषाची जेल वापरावी. ज्वारीच्या दाण्याएवढे ठिपके फटीच्या तोंडाशी द्यायचे. झुरळ ते खाऊन आपल्या बिळात जाते, तिथे मरते, आणि त्याची विष्ठा व मेलेले शरीर खाऊन बाकीचीही मरतात. जेल लावल्यावर त्याच जागी फवारणी केली तर जेल वाया जाते, हे मात्र बऱ्याच जणांना ठाऊक नसते. रुग्ण आत असताना धूर तर कधीच करू नये.

फेरो मुंगीवर फवारा मारणे म्हणजे स्वतःच्या हाताने तिचे वारूळ वाढवणे. तिच्या एका वसाहतीत अनेक राण्या असतात. धोका जाणवला की एखादी राणी थोडे कामकरी घेऊन वेगळे बिऱ्हाड थाटते आणि एका रांगेच्या चार रांगा होतात. तिलाही संथ विषाचे आमिषच लागते आणि दोन-तीन आठवडे धीर धरावा लागतो.

माश्यांसाठी लावलेला, वीज लागून तडतडणारा निळा दिवा वॉर्डात किंवा जेवणाच्या जागी नसावा. माशी फुटून तिचे कण हवेत उडतात आणि त्यांबरोबर जिवाणूही. चिकट पुठ्ठ्याचा दिवा थोडा महाग पडतो, पण माशी शाबूत चिकटून राहते आणि आठवड्याला किती सापडल्या हे मोजताही येते. एक सांगून ठेवतो, की ज्या रुग्णालयाकडे झुरळांचे आणि माश्यांचे असे आकडे लिहिलेली वही नाही, त्याच्याकडे कीटक नियंत्रण नाही, फक्त बिले आहेत.

कपाशीवाला, पारोळा

वाचताना राहून राहून शेत आठवले. २००२ साली बीटी कपाशी, म्हणजे बोंडअळीला मारणारे जनुक घातलेली कपाशी, आली आणि २००६ ला दोन जनुकांचे वाण आले, तेव्हा बोंडअळीचा विषय संपला असेच आम्हाला वाटले होते. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने त्याच बीटी कपाशीची बोंडे फोडून दाखवली. पाकिटासोबत बिगर-बीटी बियाण्याची १२० ग्रॅमची पुडी मिळायची, ती कडेने लावायची होती म्हणजे अळीला औषधाची सवय लागली नसती. आमच्यापैकी बहुतेकांनी ती बांधावर फेकली. दवाखान्यात प्रतिजैविकांचेही तसेच होत असेल, असे समजायचे का? आणि झुरळाच्या पोटात राहून जंतू अधिक चिवट होतो का?

सूक्ष्मदर्शी

भाऊ, तुलना अचूक आहे, फक्त एक फरक जोडतो आणि तो फरक भीतिदायक आहे. बोंडअळी आपली प्रतिकारशक्ती फार तर आपल्या पिलांना देते. जिवाणू ती शेजाऱ्यालाही देतो, आणि शेजारी दुसऱ्या जातीचा असला तरी देतो. प्रतिकाराची जनुके अनेकदा प्लाझ्मिड नावाच्या छोट्या, वर्तुळाकार डीएनएवर असतात आणि दोन जिवाणू एकमेकांना चिकटले असता त्याची एक प्रत दुसऱ्याकडे जाते. म्हणजे एका शेतातल्या बोंडअळीने बांधावरच्या टोळाला आपली विद्या शिकवावी, तसे हे आहे.

अशा देवाणघेवाणीला दाट वस्ती आणि अन्न लागते, आणि कीटकाचे आतडे या दोन्ही गोष्टी पुरवते. घरमाशीच्या पचनमार्गात एंटेरोकोकस जिवाणूंमध्ये टेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाला दाद न देण्याचे जनुक एकाकडून दुसऱ्याकडे जाते, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दाखवले गेले. माशीला चावता येत नाही. ती घन अन्नावर आपल्या पोटातला द्रव ओकते, ते विरघळवते आणि शोषून घेते. म्हणून ती ज्या ज्या वस्तूवर बसते तिथे आधीच्या जागेचे काही ना काही ठेवून जाते. पिवळ्या डब्यावरून उठून ती फीडिंग कपावर बसली, तर काय ठेवून जाईल हे सांगायला नको. तरीही माशीच्या पोटात जंतू नव्याने ‘चिवट’ होतो असे म्हणण्यापेक्षा, वेगवेगळ्या चिवट जंतूंची तिथे गाठ पडते, असे म्हणणे अधिक बरोबर होईल. चिवटपणा मूळचा आपणच घडवलेला आहे, वॉर्डात दिलेल्या, दुकानातून चिठ्ठीविना घेतलेल्या आणि तीन दिवसांत बंद केलेल्या गोळ्यांनी.

गिरणाकाठ यांच्या मुद्द्यावर एवढेच म्हणतो, की त्यांचे बरोबर आहे. पुरावा अपुरा आहे हे संशोधनातले वाक्य आहे, ते वॉर्डात झुरळे ठेवायची सबब होऊ शकत नाही.

तापीकाठ, चोपडा तालुका

सर्वांचे मनापासून आभार. काल अर्ज दिला आणि पोच घेतली, पण त्याआधी ताईंनी सांगितल्याप्रमाणे इन्चार्ज सिस्टरना घेऊन वॉर्डाच्या टोकाचे बंद स्नानगृह पाहिले. जाळी कोरडी ठणठणीत होती. वॉर्डबॉयने दोन बादल्या पाणी ओतले, तेव्हा आतून एक मोठे तांबडे झुरळ वर आले आणि सिस्टर हसल्या. लॉकर आम्ही भिंतीपासून पुढे ओढला. आतला कागद २०२१ सालचा होता.

अधीक्षकांनी कंत्राटदाराला जेल लावायला सांगतो असे म्हटले आहे. फवारणी नको, हे मी अर्जातच लिहिले होते. वडिलांना कोपऱ्यातल्या पलंगावर हलवले असून ड्रेसिंग आता रोज सकाळी होते, आणि पलंगाला हँडरबची बाटली अडकवलेली आहे. वडील स्वतः येणाऱ्या प्रत्येकाला ती दाखवतात. परवा राउंडला आलेल्या मोठ्या डॉक्टरांनाही त्यांनी दाखवली. डॉक्टरांनी हात चोळले, मग जखम पाहिली. पू कमी आहे. मंगळवारी पुन्हा कल्चरला पाठवणार आहेत, रिपोर्ट आला की इथेच लिहीन.